शेवटच्या गल्लीचं कारंजं

शालिकभाऊंच्या शेजारचं घर मिळालं तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. आमचं गाव चिखली-खामगाव रस्त्यावर, उंद्रीच्या अलीकडे, फाट्यावरून आत. इथं नळ चौथ्या दिवशी येतो आणि ऊन तापलं की आठव्या. अशा गावात पाणी सोडणारा माणूसच शेजारी मिळावा, याहून भाग्य ते काय, असं मी नवऱ्याला दोनदा ऐकवलं होतं. पहिल्याच पंधरवड्यात माझे डोळे उघडले. वरच्या आळीचं भरून झालं, मधल्या गल्लीचं भरून झालं, की टाकीत उरलंसुरलं असेल ते आमच्या शेवटच्या गल्लीत यायचं, आणि तेही करंगळीएवढ्या धारेनं. त्याला कारण एकच होतं. शालिकभाऊ आमच्या गल्लीत राहत होते.

"सोताच्या गल्लीले आंधी पानी सोडलं त लोक काय म्हनतीन, म्याडम?" मी तक्रार केली की ते विचारायचे.

"आणि शेवटी सोडता तर आम्ही काय म्हणतो, ते ऐकू येत नाही वाटतं?"

"थे त मले घरातच ऐकू येते," ते म्हणायचे आणि आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हसायचे. खिडकीत त्यांची बायको, कुसुमवहिनी, उभ्या असायच्या. त्या हसायच्या नाहीत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी दोघं लेकीकडे अकोल्याला राहायला गेली. नवा माणूस पाणी आमच्या गल्लीपासून सोडायला सुरुवात करतो. आता माझे दोन्ही ड्रम काठोकाठ भरतात, वर कुंड्यांनाही पाणी मिळतं, आणि तरी नळ आला की मला शालिकभाऊंची आठवण येऊन चुकल्याचुकल्यासारखं होतं. याला काय म्हणावं ते मला कळत नाही. म्हणून लिहायला बसले.

शालिकभाऊ उंच आणि हडकुळे. पँट बारा महिने पोटरीपर्यंत दुमडलेली, गळ्यात दुपट्टा, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. आणि हातात ती चावी. चावी म्हणजे छातीएवढा उंच लोखंडी गज, वर आडवी मूठ आणि खाली वॉलच्या डोक्यावर बसणारा खाचा. रस्त्यावरच्या खड्ड्यातला वॉल या चावीनं फिरवायचा, एवढंच तिचं काम. पण शालिकभाऊ गज वॉलवर टेकवून मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. त्या वेळी गल्लीत कुणी बोललं की त्यांचा दुसरा हात वर जायचा आणि बोलणारा गप्प बसायचा, मग तो सरपंच का असेना. "निंघालं," ते सांगायचे. थोड्या वेळानं, "उंबरापाशी आलं." मग, "शाळंच्या वळनावर हवा धरली. खोकलून राह्यलं थे." आणि खरोखर आमचा नळ आधी खोकायचा, मग शिंकायचा आणि मग त्यातून पाणी यायचं. आमच्या डॉक्टरांनी माझी छाती इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकलेली नाही.

प्रत्येक गल्लीला पंचवीस मिनिटं. चोवीस नाहीत आणि सव्वीस नाहीत. वॉल कधी पूर्ण उघडायचे नाहीत, अर्ध्यावर ठेवायचे. पूर्ण उघडला तर टाकी लवकर रिकामी होते आणि जुनी लाइन फुटते, असं त्यांचं म्हणणं. नोकरीची तीसेक वर्षं त्यांनी अर्ध्या वॉलवर काढली. बोलणंही तसंच होतं त्यांचं, अर्ध्या वॉलचं. एक वाक्य बोलले की दुसरं पुढच्या भेटीत.

माणसं पारखण्याची त्यांची रीत तर गावात प्रसिद्ध होती. मुलीसाठी अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा बाकीचे पाहुणे बैठकीत कांदेपोहे खात बसले आणि हे हात धुवायच्या निमित्तानं उठले ते अर्धा तास आलेच नाहीत. त्या घराची मोरी पाहिली, गच्चीवरची टाकी पाहिली, अंगणातल्या नळाखाली तळहात धरून उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "एकबी नळ गळत नाही. पोरगी देऊन टाका." मुलाचं शिक्षण त्यांनी लग्न ठरल्यानंतर विचारलं. जावई खरंच चांगला निघाला, त्यामुळे कुणाला काही बोलायची सोय उरली नाही.

आणि त्याच लग्नात, अंतरपाट धरलेला, भटजींनी घसा साफ केलेला, आणि नवरीचे वडील मांडवात नाहीत. शोधाशोध झाली. शालिकभाऊ नवं धोतर पोटरीवर खोचून मधल्या गल्लीच्या वॉलवर उभे होते. लग्नाची तिथी पाणी सुटण्याच्या दिवशीच आली होती आणि मधल्या गल्लीची सात मिनिटं बाकी होती. निरोप घेऊन गेलेल्या मेहुण्याला त्यांनी सांगितलं, "मंगलाष्टकं आठ हायेत ना? आठव्याले येतो." आले मात्र पाचव्यालाच. पळत आले आणि ओल्या हातानं अक्षता टाकल्या, म्हणून त्या नवरीच्या कपाळाला चिकटल्या. फोटोत अजून दिसतात.

हे सगळं मी हसून सांगते आहे, पण कुसुमवहिनींना हसू येत नसे आणि त्यांचं बरोबर होतं. सरपंचांच्या नातवाचं बारसं होतं तेव्हाची गोष्ट. सरपंच म्हणाले, आज आमच्या आळीला पंधरा मिनिटं जास्त सोडा. शालिकभाऊंनी साफ नकार दिला. घड्याळ पाहून वॉल बंद केला आणि घरी आले. मग स्वतःच्या न्हाणीघरातला भरलेला ड्रम त्यांनी कॅनमध्ये उपसला, सायकलला दोन्हीकडे कॅन लावले आणि सहा खेपा करून सरपंचांच्या दारात नेऊन ओतला. गावाचं पाणी गावाच्या नियमानं आणि घरचं पाणी आपल्या मर्जीनं, असा त्यांचा हिशेब. तो ड्रम वहिनींनी करंगळीएवढ्या धारेखाली, तीनदा नळ आला तेव्हा कुठे भरला होता.

"पानीवाल्याची बायको म्हनते मले लोक," त्या दिवशी वहिनी मला भिंतीवरून म्हणाल्या. "अन् मी चार दिवस झाले, डोकं नाही धुतलं."

वहिनी ठेंगण्या, गोऱ्या, बोलक्या. त्यांचं माहेर जळगाव जामोदच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथून डोंगराच्या कडेनं पलीकडे गेलं की एक जुना महाल आहे, आता मध्य प्रदेशात येतो. कुणा सुभेदारानं पाहुण्यांची गंमत करायला बांधलेला. त्या भागातले लोक त्याला फवारामहल म्हणतात. वहिनी आठ-नऊ वर्षांच्या असताना मामाच्या लग्नाचं वऱ्हाड तिथं थांबलं होतं. तेव्हा कारंजी चालू होती. बागेत एक दगडी चबुतरा होता, त्यावर कुणी बसलं की चहूबाजूंनी पाणी उडायचं आणि बसणारा चिंब व्हायचा. वऱ्हाडातली झाडून सारी पोरं त्या चबुतऱ्यावर नाचली. वहिनींच्या अंगात मात्र नवा सॅटिनचा परकर होता.

"आईनं येनी धरून ठेवली माही," त्या सांगायच्या. "परकर भिजन म्हने. मी सारा टाइम काठावर उभी. मोठ्या भावाचं पानी उडून एक थेंब आला अठी," आणि त्या गालावर बोट ठेवायच्या.

लग्न झाल्यावर त्यांनी ही गोष्ट शालिकभाऊंना सांगितली होती. नव्या नवऱ्याच्या उत्साहात ते म्हणाले होते, नेतो तुला. नंतर त्याचं 'पाहू' झालं. नळाची धार बारीक झाली की वहिनी मला ती गोष्ट सांगायच्या. मी ती निदान वीस वेळा ऐकली असेन, आणि दर वेळी त्यांचं बोट गालावर त्याच जागी जायचं.

आता मी केलेला घोळ सांगते. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चौथीला पाण्यावरचा पाठ होता, म्हणून मी शालिकभाऊंना वर्गात बोलावलं. मुलं खूश झाली. त्यांनी एकेकाच्या कानाला चावी लावून शाळेच्या नळाचा आवाज ऐकवला. मग एका मुलीनं विचारलं, "काका, कारंजं कसं उडते?" त्यांनी फळ्यावर उंच टाकी काढली, खाली बाग काढली, पाणी वरून आलं की त्याला तितकंच वर जावंसं वाटतं, हे इतकं छान समजावलं की मलाही तेव्हाच नीट कळलं. आणि शेवटी खडू ठेवत म्हणाले, "पन कारंजं म्हंजे पान्याची थट्टा हाय. जे घागरीत येत नाही, पिकाले जात नाही, थ्या पान्यानं वर उडून कोनाले दाखवाव?"

संध्याकाळी मी हे कौतुकानं वहिनींना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मंग मले कायले नेतीन थे तठी," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. मी स्वतःच्या जिभेला फार शिव्या दिल्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर शालिकभाऊंची नोकरी संपणार होती. तिन्ही गल्ल्यांतल्या बायकांना घेऊन मी एका दिवसाची सहल ठरवली, नवरे आले तर त्यांच्यासह. ठिकाण मीच सुचवलं. वहिनींनी पहिलं नाव लिहिलं. शालिकभाऊ म्हणाले, "मले नाही जमनार."

मी कॅलेंडर घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले. "सोमवारी पाणी सुटतं, शुक्रवारी सुटतं. आपण बुधवारी जातोय. बुधवारी तुम्ही इथं काय राखता?"

"लाइन."

"लाइन काय पळून जाते?"

"लाइनीचं काही सांगता येत नाही, म्याडम."

बुधवारी सकाळी मिनीबस फाट्यावर उभी राहिली. वहिनी खिडकीशी बसल्या, शेजारच्या सीटवर त्यांनी पिशवी ठेवली होती. शालिकभाऊ पोचवायला आले होते, हातात चावी. वहिनींनी त्यांना चला म्हटलं नाही, रागही दाखवला नाही. नुसती पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि समोर बघत बसल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. शालिकभाऊंनी एकदा गावाकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि चावीसकट गाडीत चढले.

"हा गज कायले, काका?" ड्रायव्हर वैतागला.

"माह्याबिगर कोनी वॉल खोलला त?"

मग जाईपर्यंत ती चावी मधल्या वाटेत आडवी पडून होती आणि आम्ही सगळे तिला ओलांडत होतो. नांदुऱ्याच्या पुढे चहाला थांबलो तर हे हॉटेलमागचा वाहता नळ बंद करून आले. वाटेतल्या प्रत्येक गावाची टाकी त्यांनी मान वळवून पाहिली. "हे गळते," म्हणायचे, नाहीतर, "हे बरी हाय." सातपुडा दिसायला लागला तशा वहिनी केसांवरून सारखा हात फिरवायला लागल्या.

महाल सुंदर होता. डोंगराच्या उतारावर लाल दगडाची दुमजली इमारत, तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी बाग, मधोमध दगडी पाट आणि पाटात कमळाच्या कळ्यांसारखी कारंज्यांची तोंडं. अगदी खाली, शेवटच्या टप्प्यावर, चार खांबांच्या छत्रीखाली तो चबुतरा. सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं कोरडं ठणठणीत होतं. पाटात चिंचेचा पाला पडला होता आणि एका कळीत मुंग्यांनी वारूळ केलं होतं.

"बंद है," म्हातारा चौकीदार म्हणाला. "कई साल हो गए. ऊपर हौद में पानी है, चक्का घुमाओ तो घूमता भी है, लेकिन पानी नीचे आता ही नहीं."

बाकीच्या बायका फोटो काढायला लागल्या. वहिनी चबुतऱ्यापर्यंत गेल्या. दगडातली बारीक छिद्रं त्यांनी बोटानं चाचपली. मग परत येऊन म्हणाल्या, "जाऊ द्या. पाह्यलं ना. झालं."

मला रडू यायचं बाकी होतं. ही सहल मी ठरवली होती, आणि पाणी आहे की नाही हे आधी विचारायचं मला सुचलं नव्हतं. रोज पाण्याची चौकशी करणारी मी!

शालिकभाऊ मात्र चौकीदाराकडे बघत होते. "घूमता है लेकिन आता नहीं?" त्यांनी विचारलं. "मंग जाते कोठी?" चौकीदाराला वऱ्हाडी कळली नाही तरी प्रश्न कळला, त्यानं खांदे उडवले. शालिकभाऊंनी दुसरा प्रश्न विचारला. तो त्यांनी विचारला नसता तरच नवल. "ये पानी फव्वारे से निकलके किधर जाता?"

"नीचे केले का बगीचा है, उसमें. बेकार नहीं जाता, भाई. और हौद में तो झरना गिरता है, बारा महीने."

"मंग ठीक हाय," शालिकभाऊ म्हणाले, पँटची घडी आणखी वर सरकवली आणि गाडीतून चावी आणायला गेले.

चौकीदार घाबरला. साहेबांना विचारावं लागेल म्हणाला. त्यानं फोन लावला, बराच वेळ हो हो केलं आणि फोन ठेवून म्हणाला, "साहब बोल रहे हैं, तोड़ना-फोड़ना कुछ नहीं. और चालू हो जाए तो फोटो भेजना."

पुढचे दोन तास आम्ही शालिकभाऊंच्या मागे मागे फिरलो. महालाच्या मागे, डोंगराच्या कुशीत हौद होता. हौदाच्या तोंडाशी नंतरच्या काळात कुणीतरी बसवलेला लोखंडी चक्क्याचा वॉल होता. त्यांनी तो थोडा फिरवला आणि चावी दगडाला टेकवून कानाला लावली. हात वर गेला. तेवीस बायका आणि पाच पुरुष गप्प झाले. चौकीदारही गप्प झाला.

"निंघालं," शालिकभाऊ म्हणाले.

मग ते जमिनीखालच्या लाइनीवरून चालायला लागले. दहा पावलं गेले की चावी टेकवायची आणि ऐकायचं. महालाच्या कोपऱ्यापर्यंत पाणी येत होतं, तिथं अडत होतं. त्या कोपऱ्यावर दीड माणूस उंचीचा एक दगडी मनोरा होता. आम्ही तो शोभेचा समजत होतो. शालिकभाऊंनी त्याला प्रदक्षिणा घातली, वर पाहिलं आणि विचारलं, "याचं तोंड कोनं बुजवलं?"

चौकीदाराचा चेहरा पडला. "मैंने. बच्चे पत्थर डालते थे. फरशी रख के सीमेंट लगा दिया."

"अरे बाप्पा! थ्यातून हवा निंघते. मानसाचं नाक दाबलं त थ्यो गानं म्हनन काय?"

माळ्यानं शिडी आणली. सिमेंट जुनं होऊन भुसभुशीत झालं होतं, दोन टोल्यांत सुटलं. फरशी सरकवताच आतून मोठा सुस्कारा आला आणि शेवाळाचा वास सुटला. शालिकभाऊ शिडीवर डोळे मिटून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. तिथून त्यांनी हुकूम सोडला, "तोट्या साफ करा साऱ्याईच्या!" आणि आम्ही सगळ्या बायका साडीच्या पिना, केसांचे आकडे, मिळेल ते घेऊन कारंज्यांची तोंडं कोरायला बसलो. चबुतऱ्याची छिद्रं वहिनींनी एकटीनं साफ केली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

शालिकभाऊ वर हौदाशी गेले. खाली पाट आधी खोकला. मग कळ्यांतून लाल चिखल उडाला, मग गढूळ पाणी आलं, आणि मग एकामागून एक कारंजी गुडघाभर, कमरेएवढी वर उठली. ऊन त्यांच्यावर पडलं होतं. चौकीदारानं टोपी काढली.

यापुढे जे झालं ते मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. वरच्या आळीतली कुणीतरी ओरडली, "पानी आलं व माय!" आणि आमची सगळी सहल गाडीकडे धावत सुटली. बाटल्या आल्या, डबे आले, ड्रायव्हरची पाच लिटरची कॅन आली, कुणी पोळ्यांचा डबा रिकामा करून पोळ्या रुमालात बांधल्या. आणि पाटाच्या काठी रांग लागली. आधी वरची आळी, मग मधली गल्ली, मग शेवटची. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी भांडलंही नाही. महालाचा चौकीदार तोंड उघडं टाकून बघत होता. "ये लोग क्या कर रहे हैं?" त्यानं मला विचारलं. मी काय सांगणार? मी स्वतः स्टीलचा डबा घेऊन शेवटून दुसरी उभी होते. माझ्यामागे वहिनी.

वरच्या आळीनं भरलं. मधल्या गल्लीनं भरलं. आमची वेळ आली आणि कारंज्यांनी माना टाकल्या. कमरेएवढी होती ती वीतभर झाली, मग करंगळीएवढी. आमच्या गल्लीनं डबे तसेच पुढे केले, रोजच्यासारखे. मीही केला. माझा डबा निम्मा भरेपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

वहिनींची पाळी आली. त्यांनी त्या बारीक धारेकडे पाहिलं. हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग तो माझ्या हातात दिला. "धरा, म्याडम." आणि त्या सगळ्या पायऱ्या उतरून खाली गेल्या, छत्रीखालच्या चबुतऱ्यावर चढून बसल्या. चबुतरा कोरडाच होता. त्याला अजून थेंबही पोचला नव्हता.

"वो लाइन में सबसे आखिरी है," चौकीदार मला म्हणाला. "पूरा पानी छोड़ो तभी चलता है."

वहिनींनी खालून आवाज दिला. मोठा नाही, चढाही नाही. "त्याईले सांगा, शेवटची गल्ली राह्यली हाय म्हना."

मी दोन्ही डबे तिथंच ठेवले आणि महालाला वळसा घालून वर हौदाशी गेले. मला दम लागला होता. शालिकभाऊ वॉलशी बसले होते, एक हात चक्क्यावर, दुसरं मनगट डोळ्यांसमोर. पंचवीस मिनिटं झाली होती आणि चक्का जवळजवळ बंद होता. हौद काठोकाठ भरलेला होता. झऱ्याचं पाणी काठावरून सांडत होतं.

"भाऊ, वहिनी चबुतऱ्यावर बसल्यात. म्हणतात, शेवटची गल्ली राहिलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सांडणाऱ्या हौदाकडे, मग स्वतःच्या हाताकडे.

"बंद काऊन केलं मी?" ते म्हणाले. मला नव्हे, त्या हाताला विचारल्यासारखं. "भरेल हाय ना हौद. काऊन बंद केलं?"

तीस वर्षं ज्या बाईच्या दारात शेवटी आणि थोडं पाणी गेलं, ती खाली कोरड्या दगडावर बसली होती. मला त्यांचा रागही आला होता आणि कीवही येत होती.

"बसून हाय थे? खरंच?"

"हो."

ते उठून उभे राहिले आणि चक्का फिरवायला लागले. अर्ध्यावर आल्यावर सवयीनं क्षणभर थांबले. मग पुढे फिरवला. पुढे तो जड जात होता, कारण तिथपर्यंत तो कित्येक वर्षांत कुणी नेला नसावा. दोन्ही हातांनी, दात खाऊन, चक्का फिरायचा थांबेपर्यंत त्यांनी फिरवला. जमिनीखालून घरघर सुरू झाली. हौदापासून चबुतरा दिसत नाही, मध्ये महाल येतो. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. खालून आधी चौकीदाराची आरोळी आली, मग बायकांचा एकच गलका, आणि त्या गलक्यावरून एक हसू ऐकू आलं. वहिनी इतक्या मोठ्यानं हसू शकतात हे मला माहीत नव्हतं. शालिकभाऊंनाही नसावं, कारण चावी कानाला लावली की मिटायचे तसे डोळे मिटून ते उभे होते.

"काय करून राह्यली असन थे?" त्यांनी विचारलं.

"जाऊन बघा की."

"वॉल चालू हाय, म्याडम. चालू वॉल सोडून मी कधी..."

वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं आणि चालायला लागले. आधी सावकाश, मग पँट सावरत भरभर, मग महालाच्या कोपऱ्यावरून चक्क पळत. मी मागून पोचले तेव्हा सगळी कारंजी माणसाहून उंच उडत होती. बायकांनी डबे फेकून दिले होते आणि पाटात उतरून एकमेकींना भिजवत होत्या. छत्रीखाली चारी बाजूंनी पाणी उसळत होतं आणि मधोमध वहिनी बसल्या होत्या, अंबाडा सुटलेला, पदर अंगाला चिकटलेला, दोन्ही तळवे वर केलेले. शालिकभाऊ कडेला कोरड्या दगडावर थांबले. पाणी त्यांच्या पायापर्यंत येत होतं. "सरक," ते म्हणाले. वहिनी सरकल्या. ते चढून शेजारी बसले आणि पहिल्या फवाऱ्यानंच त्यांना धाप लागली.

वहिनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाल्या. पाण्याच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. शालिकभाऊंनी मान हलवली आणि ओल्या दुपट्ट्यानं त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

वर रस्त्यावरून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, अंधाराआधी घाट उतरायचा म्हणून. मी पायऱ्या चढून त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, अजून एक चहा घे, बाबा, आम्हाला वेळ आहे.